पित्तनलिकेचा कर्करोग : एक नाव, अनेक रोग

यकृत हा मानवी शरीरातील सर्वांत मोठा अंतर्गत अवयव होय. दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार करून ते आतड्यापर्यंत पोहोचविणे हे त्याच्या अनेक कार्यांपैकी एक महत्त्वाचे कार्य आहे. यकृताच्या पेशींतून स्रवणारे हे पित्त प्रथम अतिसूक्ष्म नलिकांत उतरते. ओहोळ ओढ्याला आणि ओढे नदीला मिळावेत त्याप्रमाणे या सूक्ष्म नलिका मोठ्या नलिकांना मिळतात आणि शेवटी एका मुख्य नलिकेवाटे पित्त लहान आतड्यात जाते. या सर्व नलिकांना आतून पेशींचे एकपदरी अस्तर असते. त्या अस्तरातील पेशींची वाढ अनिर्बंध होऊ लागली म्हणजे पित्तनलिकेचा कर्करोग उद्भवतो.

हा रोग तुलनेने विरळा असला तरी अतिशय घातक आहे. दोन रुग्णांच्या चाचणीच्या अहवालांवर या रोगाचे एकच नाव असते. दोघांना एकच औषध दिले जाते. परंतु एकाची गाठ आकसते आणि दुसऱ्याची वाढतच राहते. असे का व्हावे, हा प्रश्न वैद्यकशास्त्राला दीर्घ काळ पडलेला आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी संशोधकांना आता एक नवे साधन उपलब्ध झाले आहे. रुग्णाच्या गाठीतील पेशी काढून प्रयोगशाळेत त्यांपासून त्याच गाठीच्या सूक्ष्म प्रतिकृती वाढविणे, हे ते साधन होय. या प्रतिकृतींना ‘ऑर्गनॉइड’ असे म्हणतात.

रोगाची तीन स्थाने

या कर्करोगाची पहिली विभागणी त्याच्या स्थानावरून केली जाते. यकृताच्या आतील लहानमोठ्या नलिकांत उद्भवणारा तो अंतर्यकृती प्रकार. यकृताची उजवी व डावी नलिका जेथे एकत्र येतात त्या द्वारापाशी उद्भवणारा तो द्वारस्थ प्रकार. अमेरिकेतील वैद्य जेराल्ड क्लॅट्स्किन यांनी १९६५ मध्ये या प्रकाराचे तपशीलवार वर्णन केल्यामुळे तो त्यांच्या नावानेही ओळखला जातो. त्याखालील मुख्य नलिकेत, आतड्याच्या बाजूस उद्भवणारा तो दूरस्थ प्रकार.

द्वारस्थ व दूरस्थ प्रकारांत पित्ताची वाट अडते. डोळे व त्वचा पिवळी पडते, लघवी गडद होते, शौचाचा रंग फिका पडतो आणि अंगाला खाज सुटते. अंतर्यकृती प्रकारात मात्र गाठ बरीच वाढेपर्यंत पुष्कळदा काहीच जाणवत नाही. परिणामी, शस्त्रक्रियेने गाठ समूळ काढता येईल अशी वेळ टळून गेल्यावरच अनेक रुग्ण तज्ज्ञांपर्यंत पोहोचतात.

अशा रुग्णांसाठी औषधोपचार हाच मुख्य मार्ग उरतो. पित्तमार्गाच्या कर्करोगाच्या ४१० रुग्णांवर ब्रिटनमध्ये घेण्यात आलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ जेमसायटाबिन हे औषध घेणाऱ्यांचा मध्यम आयुष्यकाल ८.१ महिने, तर त्यासोबत सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचा ११.७ महिने आढळला. त्यानंतर हाच जोड-उपचार जगभर प्रमाण मानला गेला. २०२२ मध्ये त्याला शरीराची प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या औषधाची जोड मिळाली. तथापि रुग्णाच्या हाती असलेला अवधी अद्यापही महिन्यांतच मोजावा लागतो, ही वस्तुस्थिती आहे.

एकाच नावाखाली अनेक रोग

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता अंतर्यकृती प्रकाराचेही दोन उपप्रकार दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात त्यांना लघुनलिका उपप्रकार व बृहद्‌नलिका उपप्रकार असे स्थान देण्यात आले आहे. बृहद्‌नलिका उपप्रकारातील पेशी बहुधा चिकट श्लेष्म स्रवतात आणि त्यांच्यात ‘केरास’ व ‘टीपी ५३’ या जनुकांमधील बिघाड अधिक आढळतो. लघुनलिका उपप्रकारात असा श्लेष्म जवळजवळ नसतो. तेथे ‘आयडीएच १’ या जनुकातील बदल किंवा ‘एफजीएफआर २’ या जनुकाची दुसऱ्या जनुकाशी झालेली विजोड सांधणी अधिक प्रमाणात दिसते.

रोगाची कारणेही निरनिराळी आहेत. ईशान्य थायलंडमध्ये या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. तेथील नद्या व तळ्यांतील माशांमध्ये ‘लिव्हर फ्लूक’ नावाच्या चपट्या कृमीची अवस्था असते आणि हे मासे कच्चे किंवा अर्धकच्चे खाण्याची तेथे जुनी प्रथा आहे. पोटात गेलेला कृमी पित्तनलिकांत वस्ती करून वर्षानुवर्षे तेथील अस्तराला इजा करीत राहतो. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या कृमीच्या संसर्गाची निश्चित कर्करोगकारक घटकांत गणना केली. अन्य देशांत पित्तनलिकांचा दीर्घकालीन दाह, यकृतातील खडे, हिपॅटायटिस ‘बी’ व ‘सी’ या विषाणूंचा संसर्ग आणि यकृताचा सिऱ्होसिस ही कारणे आढळतात. अनेक रुग्णांत तर कोणतेच कारण सापडत नाही.

कारण वेगळे असेल तर रोगही वेगळा असतो काय? दहा देशांतील ४८९ रुग्णांच्या गाठींचा एकत्रित अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जनुकीय रचनेवरून या गाठींचे चार गट पडले. कृमीच्या संसर्गातून उद्भवलेल्या गाठी प्रामुख्याने दोन गटांत एकवटल्या होत्या, तर ‘आयडीएच’ व ‘एफजीएफआर २’ यांमधील बदल असलेल्या गाठी निराळ्या गटात होत्या. गाठ शरीरात कोठे आहे एवढ्यावरून रोगाची ओळख पूर्ण होत नाही, हे या अभ्यासाने स्पष्ट केले.

या भेदाला व्यवहारातही महत्त्व आहे. ‘एफजीएफआर २’ ची विजोड सांधणी असलेल्या रुग्णांसाठी पेमिगॅटिनिब या औषधास २०२० मध्ये, तर ‘आयडीएच १’ मधील बदल असलेल्यांसाठी आयव्होसिडेनिब या औषधास २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पेमिगॅटिनिबच्या चाचणीत योग्य जनुकीय बदल असलेल्या १०७ रुग्णांपैकी सुमारे ३५ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय प्रमाणात आकसल्या. उपप्रकार न ओळखता हेच औषध सरसकट दिले असते, तर त्याचा गुण क्वचितच दिसला असता. दुसरी बाजूही तितकीच लक्षात घेण्याजोगी आहे. योग्य बदल असूनही उरलेल्या रुग्णांत गाठी तेवढ्या प्रमाणात आकसल्या नाहीत. जनुकांची यादी हाती आली तरी जिवंत पेशी औषधाला कसा प्रतिसाद देईल हे तीवरून पूर्णपणे सांगता येत नाही. त्यासाठी जिवंत पेशीच समोर असावी लागते.

जुन्या साधनांच्या मर्यादा

कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढविण्याची पद्धत नवी नाही. काच किंवा प्लॅस्टिकच्या सपाट तळावर या पेशी पसरून वाढतात आणि अशा पेशींच्या वंशावळी दशकानुदशके वापरात आहेत. परंतु मूळ गाठीतील पेशी सपाट पृष्ठावर राहत नाहीत. त्या एकमेकींना बिलगून, नळीसारखी पोकळी रचून राहतात. सपाट तळावर वर्षानुवर्षे वाढत आलेल्या पेशी मूळ रुग्णाच्या रोगापासून हळूहळू दूर जातात. दुसरी पद्धत म्हणजे गाठीचा तुकडा उंदराच्या शरीरात रोपणे. ही पद्धत मूळ रोगाच्या अधिक जवळ जाणारी असली तरी तिला अनेक महिने लागतात आणि खर्चही मोठा येतो. ऑर्गनॉइडने या दोन पद्धतींमधील जागा भरून काढली आहे.

ऑर्गनॉइडची वाटचाल

या पद्धतीचा पाया नेदरलँड्‌समधील उट्रेख्ट येथील ह्युब्रेख्ट संस्थेत घातला गेला. तेथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने आतड्याच्या अस्तरातील मूलपेशींची खूण २००७ मध्ये शोधून काढली. २००९ मध्ये तोशिरो सातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एकेका मूलपेशीपासून आतड्याच्या अस्तराची सूक्ष्म प्रतिकृती वाढवून दाखविली. २०१३ मध्ये मेरिचेल हुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृतातील मूलपेशींपासून आणि २०१५ मध्ये मानवी पित्तनलिकेच्या पेशींपासून अशा प्रतिकृती तयार केल्या. पित्तनलिकेच्या कर्करोगाकडे वळण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला.

प्रत्यक्ष कृती पुढीलप्रमाणे असते. शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या गाठीचा लहानसा तुकडा रुग्णाच्या संमतीने प्रयोगशाळेत आणला जातो. तो बारीक चिरून विकरांच्या द्रावणात ठेवला म्हणजे पेशी एकमेकींपासून सुट्या होतात. या पेशी थंड, द्रवरूप जेलमध्ये मिसळून तिचे थेंब पात्रात सोडतात. शरीराच्या तापमानास ही जेल गोठते आणि पेशींना चारी बाजूंनी आधार मिळतो. वर पोषक द्रव घातला जातो. त्यात पेशींच्या वाढीस आवश्यक असे निवडक वृद्धिकारक पदार्थ असतात. निरोगी पेशींनी कर्कपेशींवर मात करू नये म्हणून त्यांना लागणारे काही वृद्धिकारक प्रारंभी मुद्दाम वगळण्यात येतात. शेतात पीक वाढावे आणि तण वाढू नये म्हणून शेतकरी जी दक्षता घेतो, तशीच ही दक्षता होय. फरक इतकाच की, येथे वाढवावयाचे असते ते तणच.

काही दिवसांत जेलमध्ये सूक्ष्म गोळे दिसू लागतात. निरोगी पित्तनलिकेच्या पेशींपासून पातळ भिंतीचे पोकळ गोळे तयार होतात. कर्कपेशींचे गोळे पुष्कळदा भरीव व वेडेवाकडे असतात. ते मोडून नव्या जेलमध्ये पुन्हा वाढविता येतात आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानास साठवूनही ठेवता येतात. निरनिराळ्या रुग्णांच्या गाठींचा असा संग्रह म्हणजे रोगाच्या उपप्रकारांची एक जिवंत पेढीच होय.

संशोधनाचे फलित

या पद्धतीने यकृताच्या प्राथमिक कर्करोगांचा अभ्यास २०१७ मध्ये ब्रिटनमधील केंब्रिज येथे मेरिचेल हुक यांच्या गटाने प्रसिद्ध केला. यकृतपेशींचा कर्करोग, पित्तनलिकेचा कर्करोग आणि या दोहोंचे मिश्रण असलेला कर्करोग अशा तीन प्रकारच्या गाठींपासून त्यांनी ऑर्गनॉइड वाढविले. दीर्घकाळ वाढवूनही प्रत्येकाने आपापल्या मूळ गाठीची रचना व जनुकीय वैशिष्ट्ये जपली. तीन प्रकारांची सरमिसळ झाली नाही. उपप्रकारांच्या अभ्यासाला हे साधन विश्वासार्ह आहे, याचा हा महत्त्वाचा पुरावा ठरला. औषधांच्या तपासणीत पेशींच्या वाढीचा संदेश वाहून नेणारे ‘ईआरके’ नावाचे प्रथिन रोखणारे एक रसायन परिणामकारक असल्याचेही या गटास आढळून आले.

अमेरिकेतील संशोधकांनी २०१९ मध्ये पाच रुग्णांच्या यकृतातील गाठींपासून ऑर्गनॉइडच्या २७ वंशावळी तयार केल्या आणि त्यांवर कर्करोगाची १२९ मान्यताप्राप्त औषधे तपासली. निरनिराळ्या रुग्णांच्या पेशींनी निरनिराळा प्रतिसाद दिला, हे अपेक्षितच होते. परंतु एकाच गाठीच्या दोन भागांतील पेशींचा प्रतिसादही सारखा नव्हता. गाठीच्या एका कोपऱ्यातील तुकड्यावरून संपूर्ण गाठीविषयी निर्णय घेणे किती जोखमीचे आहे, हे यावरून लक्षात येते.

जपानमधील केइओ विद्यापीठातील संशोधकांनी त्याच वर्षी अंतर्यकृती पित्तनलिका, पित्ताशय आणि पित्तनलिकेचे आतड्यात उघडणारे मुख या ठिकाणच्या कर्करोगांचे ऑर्गनॉइड वाढविल्याचे प्रसिद्ध केले. इतर रोगांवर पूर्वीपासून वापरात असलेली औषधे त्यांनी या ऑर्गनॉइडवर तपासली. तेव्हा बुरशीजन्य विकारांवरील अमोरोल्फिन व फेंटिकोनाझोल ही दोन औषधे कर्कपेशींची वाढ रोखतात आणि निरोगी पित्तनलिकेच्या पेशींना फारशी इजा करीत नाहीत, असे दिसून आले. प्रयोगशाळेतील या निष्कर्षावरून ही औषधे कर्करोगावर लागू पडतात असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. त्यासाठी रुग्णांवरील रीतसर चाचण्याच आवश्यक असतात. पित्ताशयाच्या कर्करोगाचा या अभ्यासातील समावेश भारताच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे, कारण उत्तर भारतातील गंगेच्या खोऱ्यात त्या रोगाचे प्रमाण जगातील अनेक प्रदेशांपेक्षा अधिक आहे.

कारण आणि परिणाम यांचा संबंध तपासण्यासही हे साधन उपयोगी पडते. इटलीतील संशोधकांनी उंदराच्या यकृताच्या ऑर्गनॉइडमध्ये ‘एफजीएफआर २’ ची विजोड सांधणी घडवून आणली. त्यामुळे त्या पेशी पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या दिशेने बदलल्याचे २०२१ मध्ये दाखविण्यात आले. ती सांधणी रोखणारे औषध आणि पेशींच्या वाढीचा पुढील संदेश रोखणारे औषध एकत्र दिल्यास अधिक परिणाम होतो, असेही आढळले. एका उपप्रकाराचे मूळ सापडले म्हणजे त्यावरील उपचाराची दिशाही कशी सापडते, याचे हे उदाहरण होय.

वेळेशी स्पर्धा

प्रयोगशाळेत मिळालेले उत्तर रुग्णाच्या बाबतीत कितपत खरे ठरते? पचनमार्गाच्या, शरीरात पसरलेल्या कर्करोगांविषयी लंडनमध्ये झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध लागू पडेल असा ऑर्गनॉइडने दिलेला अंदाज ८८ टक्के वेळा खरा ठरला. औषध लागू पडणार नाही हा अंदाज तर एकदाही चुकला नाही. निरुपयोगी औषधाचे दुष्परिणाम सोसण्यात रुग्णाचे मोलाचे आठवडे जातात. ते वाचविता आले तरी तो मोठाच लाभ म्हणावा लागेल. मात्र त्या अभ्यासातील रुग्णांची संख्या मर्यादित होती आणि पित्तनलिकेच्या कर्करोगासाठी स्वतंत्र व मोठ्या चाचण्यांची आवश्यकता आहे.

पद्धतीच्या इतर मर्यादाही दृष्टीआड करता येणार नाहीत. प्रत्येक रुग्णाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढतातच असे नाही. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुईने काढलेल्या यकृतपेशी-कर्करोगाच्या नमुन्यांपैकी जेमतेम एक चतुर्थांश नमुन्यांपासून ऑर्गनॉइड मिळाले आणि तेही अधिक आक्रमक गाठींपासून. संथ वाढणाऱ्या गाठी संग्रहात कमी येतात. त्यामुळे उपप्रकारांचे चित्र एकांगी होण्याचा धोका असतो. ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या नसतात, प्रतिकारशक्तीच्या पेशी नसतात आणि पित्तनलिकेच्या कर्करोगाभोवती हटकून आढळणाऱ्या तंतुमय ऊतीचे वेष्टनही नसते. म्हणून प्रतिकारशक्तीवर आधारित औषधांची परीक्षा साध्या ऑर्गनॉइडवर घेता येत नाही; इतर पेशींसह ते वाढविण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

सर्वांत मोठी अडचण आहे ती वेळेची. पुरेसे ऑर्गनॉइड वाढवून औषधे तपासण्यास कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही लागतात. ज्या रुग्णाचा उरलेला काळच महिन्यांत मोजावयाचा, त्याला उपचार सुरू करण्यासाठी एवढी प्रतीक्षा करता येत नाही. म्हणूनच आज या तंत्राचा खरा लाभ एकेका रुग्णाच्या उपचारापेक्षा उपप्रकारांच्या आकलनास अधिक होत आहे. आज ज्याच्या गाठीतून पेशी घेतल्या जातात, त्याला स्वतःला त्या ज्ञानाचा उपयोग होईलच असे नाही. त्याच उपप्रकाराचा रोग पुढे ज्याला होईल, त्याला मात्र तो होऊ शकतो.

संमतीचे महत्त्व

याच कारणास्तव रुग्णाच्या संमतीला येथे विशेष अर्थ आहे. रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या पेशी त्याच्या पश्चातही प्रयोगशाळेत जिवंत राहू शकतात आणि त्यांत त्याची संपूर्ण जनुकीय माहिती असते. त्या कशासाठी वापरल्या जातील, किती काळ ठेवल्या जातील, इतरांना दिल्या जातील काय, हे रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगणे आवश्यक ठरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुन्यांच्या साठवणुकीविषयी व संमतीविषयी तरतुदी आहेत. औषधांच्या पूर्वचाचणीसाठी प्राण्यांखेरीज ऑर्गनॉइडसारख्या पेशींवर आधारित पद्धतींचाही अवलंब करता यावा, यासाठी भारतात २०२३ मध्ये संबंधित नियमांत दुरुस्ती करण्यात आली.

प्रयोगशाळेबाहेरील कार्य

संशोधन कितीही पुढे गेले तरी रोग टाळणे आणि तो वेळेवर ओळखणे यांचे महत्त्व कमी होत नाही. थायलंडमधील खोन केन प्रांतात लावा सरोवराच्या परिसरात विद्यापीठ, ग्राम आरोग्य स्वयंसेवक आणि शाळा यांनी एकत्र येऊन कृमीविरुद्ध मोहीम हाती घेतली. बाधितांवर औषधोपचार, मासे शिजवून खाण्याचा प्रचार, शाळांतून शिक्षण आणि सरोवरातील गोगलगायी व माशांवर देखरेख असे तिचे अनेक पैलू होते. त्यामुळे त्या परिसरातील कृमिबाधेचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. एका उपप्रकाराचे मूळच गावपातळीवर तोडता येते, हे या मोहिमेने सिद्ध केले.

महाराष्ट्रातील ग्रामीण भागात काविळीवर झाडपाल्याचे किंवा मंत्रतंत्राचे उपाय करण्याची प्रथा अद्याप पूर्णपणे संपलेली नाही. प्रत्येक कावीळ कर्करोगाची नसते. बहुतेक वेळा तिचे कारण वेगळेच असते. परंतु वेदनेवाचून आलेली व न हटणारी कावीळ, फिक्या रंगाचे शौच, सर्वांगाला सुटणारी खाज आणि घटत जाणारे वजन ही लक्षणे एकत्र दिसल्यास रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात पाठविणे हेच त्याच्या हिताचे आहे. हिपॅटायटिस ‘बी’ ची प्रतिबंधक लस बालकांच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात समाविष्ट आहे. तिचे सर्व डोस प्रत्येक बालकास वेळेवर मिळतील हे पाहणेही तितकेच अगत्याचे आहे. या दोन्ही बाबतींत शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि आरोग्य कर्मचारी यांचा शब्द गावात ऐकला जातो.

जेलच्या थेंबात वाढणाऱ्या सूक्ष्म गोळ्यांनी पित्तनलिकेच्या कर्करोगाचे अनेक चेहरे उघड करण्यास प्रारंभ केला आहे. त्यांतील प्रत्येकासाठी योग्य औषध सापडेपर्यंत रुग्णाच्या हाती असलेले सर्वांत मोठे बळ वेळ हेच राहील. काविळीचा रुग्ण चार आठवडे उशिरा न पोहोचता चार आठवडे आधी रुग्णालयात पोहोचला, तर शस्त्रक्रियेची संधी त्याच्यासाठी खुली राहण्याचा संभव वाढतो. आणि ते चार आठवडे वाचविणे बहुतांशी गावाच्याच हाती असते.